पोटातल्या गोळ्याची गोष्ट

एखाद्या गोष्टीची धास्ती घेतली म्हणजे ‘पोटात गोळा आला’ असे आपण म्हणतो. भाषेतला हा गोळा भीतीचा आहे. घटका-दोन घटकांत तो विरून जातो. पण खराखुरा गोळाही माणसाच्या पोटात होतो. तो विरत नाही. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे तो वाढतच राहतो आणि हंड्याएवढा, घागरीएवढा होतो. विशेष म्हणजे असे पुष्कळ गोळे कॅन्सरचे नसतात. डॉक्टर त्यांना साध्या गाठी म्हणतात. त्या दुसऱ्या अवयवात पसरत नाहीत, काढल्या की बहुधा माणूस बरा होतो. मग त्या एवढ्या मोठ्या होईपर्यंत राहतात कशा? आणि त्या काढायला माणूस शिकला कधी? याच दोन प्रश्नांचा इतिहास मला आपल्यापुढे मांडायचा आहे. मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण या इतिहासातून आपल्या गावच्या उपयोगाचे काही निघते, असे मला वाटते.

प्रथम हा गोळा म्हणजे काय ते पाहू. स्त्रीच्या गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. त्यांपैकी एखाद्यात पाण्याची किंवा बुळबुळीत द्रवाची पिशवी तयार होते आणि फुगत जाते. अतिशय मोठ्या गाठींपैकी बऱ्याच या जातीच्या असतात. गर्भाशयाच्या भिंतीत मांसल गाठी होतात, त्यांना आपल्याकडच्या बायका ‘पिशवीच्या गाठी’ म्हणतात. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात, पोटाच्या मागच्या बाजूच्या चरबीतही गाठी होतात, आणि त्या पुरुषांनाही होतात. अंडाशयाच्या एका जातीच्या गाठीत तर केस आणि दात सापडतात. पूर्वी असले काही निघाले की ‘करणी केली’ म्हणत. वस्तुतः ज्या बीजपेशीपासून सबंध शरीर घडायचे, तिच्यातूनच भलत्या वेळी केस, दात, चरबी तयार होतात, एवढाच तो प्रकार. करणीचा त्यात काही संबंध नाही.

या गाठी मोठ्या का होतात? पोट ही ऐसपैस जागा आहे. हातावर सुपारीएवढी गाठ आली तर लगेच दिसते. पोटात नारळाएवढी झाली तरी आतडी बाजूला सरकतात, पोटाची कातडी ताणते, आणि गाठीला जागा मिळते. बहुतेक वेळा ती दुखत नाही. जे दुखत नाही त्याची दखल आपण घेत नाही. म्हणून मी असे म्हणेन की, पोटातली गाठ मोठी होते ती रोगाच्या जोरावर जितकी, तितकीच आपल्या वाट पाहण्यावर.

आपल्या प्राचीन वैद्यांना हा गोळा चांगला ठाऊक होता. त्यांनी त्याला ‘गुल्म’ म्हटले. चरकसंहितेत ‘रक्तगुल्म’ नावाचा एक प्रकार सांगितला आहे, तो केवळ स्त्रियांना होतो. पाळी थांबते, पोट वाढते, आणि बाई गरोदर आहे असेच सर्वांना वाटते. गर्भ आणि गोळा यांतला फरक ओळखायचा कसा? संहिताकार सांगतात की गर्भ हातापायांनी हलतो, आणि गोळा हलला तर सबंध एकदम हलतो. आणि उपचार कधी करायचा? दहावा महिना उलटून गेल्यावर. आज हा नियम आपल्याला ढिला वाटेल. पण विचार करा, आत डोकावण्याचे कोणतेही साधन नसताना गर्भाला इजा होऊ नये म्हणून घातलेली ती मर्यादा होती. त्या वाट पाहण्यामागे अज्ञान होते तसा विवेकही होता.

सुश्रुताने तर पोट उघडण्याची रीतही लिहून ठेवली आहे. आतड्यात अडथळा झाला किंवा आतडे फाटले, तर बेंबीच्या खाली, मध्यरेषेपासून चार बोटे डावीकडे छेद घ्यावा, आतडे बाहेर काढून तपासावे, आणि फाटलेल्या जागी काळे मुंगळे चावायला लावून त्यांच्या डोक्यांनीच ती जागा सांधावी, असे त्यात आहे. जलोदराचे पाणी नळीने काढण्याची कृतीही आहे. परंतु पोटातला मोठा गोळा समूळ कापून काढण्याची परंपरा आपल्याकडे पुढे वाढली नाही. युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोट उघडणे म्हणजे मरणाला बोलावणे असेच मोठमोठे शस्त्रवैद्य मानीत.

हा समज मोडला तो एका आडगावात, आणि त्याचे निम्मे श्रेय एका शेतकरी बाईचे आहे. साल १८०९. आपल्याकडे पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा गादीवर होता. अमेरिकेच्या केंटकी प्रांतात डॅनव्हिल नावाच्या लहानशा गावात एफ्राइम मॅक्डॉवेल हा डॉक्टर राहत असे. त्याला दूरवरून बोलावणे आले की एक बाई जुळ्यांची गरोदर आहे, दिवस उलटून गेले तरी बाळंत होत नाही. तिचे नाव जेन टॉड क्रॉफर्ड. मॅक्डॉवेलने तपासले आणि तिला स्पष्ट सांगितले की, हे मूल नाही, गाठ आहे. अशी गाठ पोट उघडून काढलेली मी ऐकलेली नाही. तुमची तयारी असेल तर मी करून पाहीन, पण त्यासाठी तुम्हाला माझ्या गावी यावे लागेल.

बाई आली. घोड्यावर बसून, ६० मैल. आपल्या हिशेबाने बारामतीहून पुणे गाठावे तेवढे अंतर, आणि तेही डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत. पोटाचा भार खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकवून ती आली. त्या काळी भुलीचे औषध तिकडे नव्हते. डॉक्टरच्या घरातच तिला टेबलावर निजवले. पोटाच्या डाव्या बाजूला नऊ इंचांचा छेद घेतला. शस्त्रक्रिया २५ मिनिटे चालली आणि तेवढा वेळ ती बाई धर्मगीते म्हणत होती. गाठ निघाली ती साडेबावीस पौंडांची, म्हणजे सुमारे दहा किलो. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेला तर बाई आपले अंथरूण स्वतः आवरीत होती! पंचवीस दिवसांनी ती घरी परतली आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक जगली.

मॅक्डॉवेलने ही हकीकत १८१७ साली छापली, तेव्हा समुद्रापलीकडच्या विद्वानांनी तिची टर उडवली. आडरानातला डॉक्टर एवढे काय करणार, असा त्यांचा भाव होता. इतिहास सांगताना आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. मॅक्डॉवेलच्या पुढच्या रुग्णांत गुलामगिरीत अडकलेल्या काळ्या स्त्रिया होत्या. जेन क्रॉफर्डचे नाव जगाला माहीत झाले. या स्त्रियांची नावे त्याच्या अहवालात नाहीत. वेदना तर त्यांनीही तितकीच सोसली होती.

यानंतर तीन शोध लागले आणि चित्र पालटले. १८४६ साली अमेरिकेत बॉस्टनला ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. १८४७ मध्ये स्कॉटलंडच्या सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरात आणले. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने दाखवून दिले की कार्बोलिक आम्लाने जखम स्वच्छ ठेवली तर ती पिकत नाही. भुलीने वेदना गेली, स्वच्छतेने पू गेला.

लंडनच्या स्पेन्सर वेल्स या शस्त्रवैद्याचे उदाहरण येथे द्यायला हवे. अंडाशयाची गाठ काढण्यात त्याला पहिले यश १८५८ साली आले. १८८० पर्यंत त्याने अशा एक हजार शस्त्रक्रिया केल्या. त्याचा मोठेपणा असा की तो यशाबरोबर मृत्यूही छापीत असे. पहिल्या शंभरात ३४ बायका दगावल्या, शेवटच्या शंभरात ११. हे आकडे त्याने लपवले असते तर कदाचित त्याची कीर्ती लवकर वाढली असती, पण विद्या वाढली नसती. शिक्षक मित्रांनो, वर्गात प्रामाणिकपणाचा धडा घ्यायचा असेल तर हा घ्या.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि जे. जे. रुग्णालय सुरू झाले. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले. म्हणजे शस्त्रवैद्य होते, भूलही होती. परंतु पोटाचा गोळा मुख्यतः बायकांचा, आणि बाई परपुरुष डॉक्टरला पोट दाखवायला तयार नसे. त्यातून ती विधवा असली तर? ज्या पुण्यात १८६३ साली जोतीराव फुल्यांना विधवांच्या गुप्त बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले, त्या काळात एखाद्या विधवेचे पोट गाठीने वाढू लागले असेल, तर तिच्यावर काय गुदरत असेल याची कल्पना करा. गाठीने मरण्याआधी ती बोलण्यानेच मेली असेल.

ही अडचण आनंदीबाई जोशी यांनी नेमकी ओळखली. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, म्हणून मी शिकायला जाते, असे त्यांनी १८८३ साली जाहीर सभेत सांगितले. १८८६ मध्ये अमेरिकेत त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. पण काम हाती घेण्यापूर्वीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात त्या वारल्या. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच वर्षी, म्हणजे १८८६ मध्ये, मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय उघडले. तेथे इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची काम पाहत. बाईला बाईने तपासायचे, हे त्या काळी औषधाइतकेच महत्त्वाचे होते.

मुंबई-पुणे दूर राहिले. दक्षिण महाराष्ट्रातल्या खेड्यांना आधार मिळाला तो मिरजेत. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन मिशनतर्फे १८८९ साली इकडे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेला रुग्णालय सुरू केले. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होता, हे खरेच. पण लोक तेथे जात ते वानलेस यांच्या हाताच्या गुणासाठी. मिरज हे रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे देश, कोकण, कर्नाटक, सगळीकडचे रोगी तेथे उतरत. सुमारे चाळीस वर्षे या माणसाने तेथे शस्त्रक्रिया केल्या आणि इथल्या मुलांना वैद्यक शिकवले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांचे नाव आजही सांगते.

आपल्या बारामती-इंदापूर भागाला पुण्याची वाट सोपी झाली ती दौंड-बारामती छोटी रेल्वे १९१४ साली सुरू झाल्यावर. तोवर बैलगाडीचाच प्रवास. सणसरहून आजारी माणूस गाडीत घालून पुण्याला न्यायचा म्हणजे दिवस मोडायचे, पैसा मोडायचा, आणि घरी गुरेढोरे कोण बघणार हा प्रश्न. तेव्हा ‘बघू, सुगी झाल्यावर जाऊ’ असे म्हणणाऱ्यांना दोष देववत नाही. गाठ मात्र सुगीसाठी थांबत नसे.

डॉक्टरांपुढे तरीही एक कोडे उरले होते, तेच चरकाचे कोडे. पोट न उघडता आत काय आहे ते कळावे कसे? ते सुटले ते एका कारखान्यात. वालचंदनगरला काम केलेल्या मंडळींना माहीत असेल की, पोलादाच्या जाड पत्र्यात किंवा सांध्यात चीर आहे का, ते कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून तपासतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यातले असे यंत्र पाहिले. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी त्यांनी मोटारीत घालून त्या कारखान्यात नेल्या, आणि तुलनेसाठी मांसाचा तुकडा ठेवून, यंत्राला दोन्हींतला फरक कळतो का ते पाहिले. फरक कळला. पाण्याच्या गाठीचा आणि भरीव गाठीचा प्रतिसाद वेगळा येत होता.

पुढे एका बाईची केस आली. पोट खूप वाढलेले, आणि जठराचा कॅन्सर असून आता उपाय नाही, असे ठरलेले. डोनाल्ड यांच्या यंत्राने दाखवले की ही अंडाशयाची पाण्याची गाठ आहे. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, बाई वाचली. हे संशोधन त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. आज आपण ज्याला सोनोग्राफी म्हणतो, तिची ही सुरुवात. आपल्याकडे पुष्कळांना वाटते की सोनोग्राफी ही गरोदर बाईचीच करायची. तिचा जन्म मात्र पोटातल्या गाठींच्या तपासणीतून झालेला आहे.

मग आता फार मोठी गाठ काढणे सोपे झाले का? नाही. रोगी उताणा झोपला की गाठीचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि रक्तदाब घसरतो. म्हणून त्याला कुशीवर कलते ठेवावे लागते. फुप्फुसे वर्षानुवर्षे दबलेली असतात. गाठ एकदम बाहेर काढली तर दाबून राहिलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचते आणि रोगी गळाठतो. अशा वेळी भूल देणाऱ्याची कसोटी कापणाऱ्याइतकीच असते. १९९१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे एका बाईच्या अंडाशयाची गाठ अखंड काढली. तिचे वजन होते सुमारे १३७ किलो. म्हणजे आपल्या साखरेची पन्नास किलोची पावणेतीन पोती! बाई वाचली.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर १९९९ चे घ्या. नागपूरकडचा एक पुरुष मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आला. पोट गरोदर बाईसारखे वाढलेले, श्वास घेणे कठीण. मोठी गाठ समजून पोट उघडले, तर आत त्याच्याच जुळ्या भावंडाचा वाढ खुंटलेला, निर्जीव गर्भ निघाला. आईच्या पोटात असताना एक गर्भ दुसऱ्याच्या आत अडकून राहतो, असे क्वचित घडते. असे पोट घेऊन त्याने लोकांची चेष्टा सोसली होती. रोगाइतकाच लोकांचा हसणारा चेहराही रोग्याला दवाखान्यापासून दूर ठेवतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. प्रत्येक गाठ कापायचीच असते असे नाही. गर्भाशयाच्या लहान गाठी कित्येकींना असतात आणि त्रास नसेल तर त्यांवर नुसती नजर ठेवतात. पाळी कायमची थांबल्यावर त्या बहुधा आपोआप आकसतात. पण २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची जी हकीकत पुढे आली ती आपण वाचली असेल. राज्य शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे मजुरीचा खाडा नको, कॅन्सर होईल ही भीती, अशी कारणे त्यात होती. भवानीनगरच्या कारखान्याच्या हंगामात आपल्या शिवारातही ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. म्हणून सांगतो, उशीर हा जसा घात आहे तशी घाईही घात आहे. पूर्वी बाई भीतीने दवाखान्यात जात नव्हती. आता कुणी भीती घालून तिला टेबलावर निजवू नये. दुसऱ्या डॉक्टरचे मत विचारण्याचा तिला हक्क आहे.

जेन क्रॉफर्डला तिच्या डॉक्टरने दोन गोष्टी दिल्या होत्या. तुला काय झाले आहे हे खरे सांगितले, आणि पुढे काय करायचे ते तिला ठरवू दिले. भूल, स्वच्छता, सोनोग्राफी हे सारे नंतर आले. पण या दोन गोष्टींवाचून ते सारे अपुरेच आहे.

आज सणसरच्या माणसाला ६० मैल घोड्यावर जावे लागत नाही. २०१९ साली बारामतीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आषाढात तुकोबांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते, तेव्हा शंभर-शंभर मैल चालून आलेल्या मायमाउल्या आपण पाहतो. त्यांच्या पायांत बळ आहे, मनाचा धीर आहे. तो धीर थोडा बोलण्यातही यावा. हातपाय वाळत चालले आणि पोट मात्र वाढते आहे, दोन घास खाल्ले की पोट भरते, लघवीला वारंवार जावे लागते, अंगावरून जास्त जाते, किंवा एकाएकी पोटात असह्य कळ उठते, यांपैकी काही असेल तर घरात सांगावे. गाठीला पीळ बसला तर अशी कळ येते, आणि मग एक रात्रही थांबून चालत नाही. आणि घरच्यांनी ते ऐकावे. सासूने सुनेचे ऐकावे, मुलाने आईचे ऐकावे; ‘वायगोळा असेल, ओवा खा’ म्हणून वाटेला लावू नये.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. गावात पत्र वाचून दाखवायला, अर्ज लिहायला जसे लोक तुमच्याकडे येतात, तसेच अशा वेळी कुणी आले तर तपासणीचा कागद त्यांना समजावून द्या, आणि गरज पडली तर बरोबर जा. मोठ्या गाठीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास शस्त्रवैद्यांच्या नावांनी लिहिला गेला, ते योग्यच आहे. पण गाठ मोठी होण्याच्या आधीच जिला कुणी तरी दवाखान्यात नेले, अशा बाईचे नाव कोणत्याच इतिहासात येत नाही. आपल्या गावातून असे बिननावाचे इतिहास जितके जास्त घडतील तितके चांगले.